'आढळलं नाही' म्हणजे नक्की काय? : आरोग्य-संशोधनाचे सोपे सारांश आणि आपलं मराठी वाक्य

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समीक्षेचं व्याख्यान म्हटल्यावर कथा-कवितेची अपेक्षा ठेवून काही जण आले असतील. आज आम्ही समीक्षेला घेतलाय तो लेखनप्रकार कुठल्याच वाङ्मयाच्या इतिहासात सापडायचा नाही. लांबी एक-दोन पानं, लेखकाचं नाव बहुधा नसतं, बक्षीस तर नसतंच. पण तो वाचून माणसं गोळी घेतात किंवा सोडतात, तपासणीला जातात किंवा जात नाहीत. आरोग्यविषयक संशोधनाचा सर्वसामान्य माणसासाठी लिहिलेला सोपा सारांश, हा तो प्रकार.

तो कुठे सापडतो, हे आधी थोडक्यात सांगतो. कॉक्रेन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ साली सुरू झाली. एका प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास गोळा करायचे, पारखायचे आणि एकत्रित निष्कर्ष मांडायचा, हे तिचं काम. तिच्या आढाव्यांसोबत सोप्या भाषेतला सारांश दिलेला असतो. युरोपीय संघानं तर त्यासाठी कायदाच केला. २०१४ सालचा ५३६ क्रमांकाचा नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. औषधाची चाचणी संपली की साधारण वर्षभरात सामान्य माणसाला कळेल असा सारांश द्यायचा, आणि त्यात कोणते दहा मुद्दे हवेत तेही परिशिष्टात दिलेलं आहे. आपल्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया २००७ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक नोंदीत शास्त्रीय शीर्षकाच्या जोडीला लोकांसाठीचं शीर्षक आणि थोडक्यात सारांश असे रकाने असतात. लोकांसाठीचे हे रकाने भरले जातात इंग्रजीत. यावर आम्ही वेगळं भाष्य करत नाही.

तर हे सारांश कसे लिहावेत याबद्दल सल्ले भरपूर मिळतात. वाक्य लहान ठेवा, अवघड शब्द टाळा, वाचकाला 'तुम्ही' म्हणून हाक मारा. सल्ले चुकीचे नाहीत. आमची तक्रार अशी की ते सगळे शब्दांपाशी थांबतात. सोप्या शब्दांचं लहानसं वाक्यसुद्धा साफ चुकीचा अर्थ पोचवू शकतं. आणि अवघड वाक्य वाचणारा निदान 'मला कळलं नाही' असं तरी म्हणतो. सोप्या वाक्यातून चुकीचं कळलेला माणूस कशाला काही विचारेल?

याचं अलीकडचं ठळक उदाहरण मास्कचं.

३० जानेवारी २०२३ रोजी कॉक्रेननं श्वसनमार्गाच्या विषाणूंचा प्रसार रोखणाऱ्या उपायांचा सुधारित आढावा प्रसिद्ध केला. मास्क, हात धुणं, अंतर राखणं असे उपाय, आणि एकूण ७८ चाचण्या. सोप्या सारांशात मास्कबद्दल जे वाक्य होतं त्याचा आशय असा: आम्ही पाहिलेल्या अभ्यासांवरून, मास्क घातल्यानं प्रसार मंदावायला मदत होते का, याविषयी आम्हाला खात्री नाही. शब्द बघा, एकही अवघड नाही. पण थोड्याच आठवड्यांत हे वाक्य 'मास्कचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालं' असं होऊन जगभर फिरलं. वर्तमानपत्रांतले स्तंभ, टीव्हीवरच्या चर्चा, सगळीकडे. अखेर १० मार्चला कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना निवेदन काढावं लागलं. त्यांनी सांगितलं की हा अर्थ चुकीचा आहे. मास्क वापरायला प्रोत्साहन देणाऱ्या उपायांमुळे प्रसार कमी होतो का, हे आढाव्यात तपासलं होतं आणि उत्तर अनिर्णित राहिलं. सारांशातल्या शब्दांतून चुकीचा अर्थ निघू शकत होता, याबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

या एका वाक्यात दोन घोटाळे आहेत. पहिला घोटाळा कर्त्याचा. त्यातल्या अनेक चाचण्यांत तपासला होता तो नुसता मास्क नव्हता, मास्क घाला असं सांगणं किंवा मास्क वाटणं होतं. शंभर जणांना पावसाळ्यात छत्री न्या म्हणून सांगितलं, त्यातल्या अर्ध्यांनी ती घरीच ठेवली, आणि नंतर आपण किती जण भिजले ते मोजलं. यावरून कळेल ते 'छत्री न्या' या सांगण्याबद्दल. छत्रीच्या कापडाबद्दल त्यातून फारसं कळणार नाही. सारांश लिहिणाऱ्यानं वाक्य सुटसुटीत करायला 'मास्क घालायला सांगणं' याचं 'मास्क घालणं' केलं. एक शब्द वाचला आणि प्रश्नच बदलला. संपादनात असं सर्रास होतं, आणि 'छान, सुटसुटीत झालं' म्हणून शाबासकीही मिळते.

दुसरा घोटाळा 'खात्री नाही' याचा. आणि इथे आपली मराठी मध्ये येते, म्हणून जरा रेंगाळतो.

ही दोन वाक्यं ऐका. एक: 'मास्कचा उपयोग होत नाही असं आढळलं.' दोन: 'मास्कचा उपयोग होतो असं आढळलं नाही.' कागदावर ती वेगळी आहेत. पहिल्यात आपण बघितलं आणि उपयोग नाही हे दिसलं. दुसऱ्यात आपण बघितलं, पण काही ठरवता येईल एवढं दिसलंच नाही. अभ्यास छोटे असतील, विस्कळीत असतील. अंधाऱ्या खोलीत हात फिरवून 'किल्ली सापडली नाही' म्हणणं आणि दिवा लावून, कानाकोपरा बघून 'किल्ली इथे नाहीच' म्हणणं, एवढा हा फरक आहे.

पण आपण बोलतो कसे? 'तो आज येईल असं वाटत नाही.' बोलणाऱ्याला म्हणायचंय की तो येणार नाही असं वाटतंय. 'नाही' बसलंय 'वाटत'च्या शेजारी, पण अर्थानं ते 'येईल'वर जाऊन पडतं. 'हे काम या महिन्यात होईल असं दिसत नाही.' म्हणजे होणार नाही. इंग्रजीत, हिंदीतही असंच चालतं. मराठी माणसाच्या कानाला मात्र याची इतकी सवय आहे, की 'असं... नाही' हे वळण नकार सौम्यपणे सांगण्याची रीत म्हणूनच ऐकलं जातं. स्थळ नाकारताना लोक 'जुळेल असं वाटत नाही' म्हणतात ना, तसं. मग 'उपयोग होतो असं आढळलं नाही' हे वाक्य वाचणारा काय ऐकणार? उपयोग नाही, फक्त सभ्य भाषेत सांगतायत.

यात वाचकाची चूक नाही, तो मराठी बरोबरच वाचतोय. असं वाक्य लिहिणाऱ्यानं ते लिहायला नको होतं. 'उपयोग होतो की नाही, हे या अभ्यासांवरून ठरत नाही' असं म्हटलं की 'की नाही'मुळे दोन्ही पारडी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतात. त्याला जोडून 'कारण' लागलं पाहिजे: अभ्यास लहान होते, लोकांनी मास्क नीट वापरले नाहीत, जे असेल ते. आणि उलट, मोठ्या नेटक्या अभ्यासानं खरोखर उपयोग नाही असं दाखवलं असेल तर तेही छातीठोकपणे लिहावं: 'उपयोग होत नाही.' दोन निराळ्या बातम्या आहेत. आजच्या मराठी सारांशांत आणि बातम्यांत दोन्हींसाठी 'परिणामकारक असल्याचे आढळून आले नाही' हे एकच वाक्य वापरलं जातं, आणि आमच्या मते या लेखनप्रकारातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे.

आता मुंबईकडे येऊ. एक खरा अभ्यास घेऊन त्याचा मराठी सारांश लिहायला बसलं की काय काय अडतं, ते बघू.

टाटा मेमोरिअल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ बायका. वीस वस्त्या, त्यातल्या दहा वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, बायकांची स्तनतपासणी हातानं केली. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. उरलेल्या दहा वस्त्यांमध्ये कॅन्सरविषयी माहिती दिली, तपासणी केली नाही. वीस वर्षांनंतरचा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीही तपासणी होती. तो निकाल वेगळा, आज त्यात शिरत नाही.

पहिली अडचण अगदी पहिल्याच नामाची. 'स्तन' हा शब्द पुस्तकी वाटतो, मोठ्यानं वाचायला संकोच होतो. बायका आपसात 'छाती' म्हणतात. मग सोपं करायचं म्हणून 'छातीची तपासणी' लिहायचं का? मुंबईच्या वस्तीत छातीची तपासणी म्हणजे टीबी, म्हणजे छातीचा फोटो. सोपा शब्द सरळ दुसऱ्याच दवाखान्यात नेऊन पोचवतो. आमचं मत, 'स्तन' लिहावं, एकदा 'छातीवरची गाठ' असं सांगून जोडून द्यावं, आणि पुढे निःसंकोचपणे वापरावं. 'कर्करोग' मात्र सोडून द्यावा. ओपीडीत, लोकलमध्ये, घरात कुणीही 'कर्करोग' म्हणत नाही. कॅन्सर हाच आता मराठी शब्द आहे.

सोप्या शब्दानं फसवण्याचं आणखी एक उदाहरण जाता जाता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे. मराठीत याला आपण सरसकट 'रक्त कमी आहे' म्हणतो. कळतं सगळ्यांना. पण कळतं काय, तर अंगातलं रक्त मापानं कमी झालंय. मग 'आधीच रक्त कमी, त्यात तपासणीला आणखी काय काढता' हा प्रश्न येतो, आणि त्या शब्दांवरून तो अगदी बरोबर आहे. 'रक्तातलं लोह कमी', 'रक्त फिकं झालंय' असं काही म्हटलं तरी निम्मं काम होईल.

पुन्हा मुंबईकडे. दुसरी अडचण 'स्क्रीनिंग'. मराठीत 'तपासणी' म्हटलं की आधी तक्रार असते. दुखतंय, म्हणून तपासलं. इथे तर काहीही त्रास नसलेल्या बाईला तपासायचं आहे. 'चाळणी तपासणी' हा पारिभाषिक शब्द ऐकून पीठच आठवतं. त्यापेक्षा 'काहीही त्रास नसलेल्या बायकांची तपासणी' हे पाच शब्द लागले तर लागू द्यावेत. सोपं म्हणजे आखूड, हा समज सोडून द्यायला हवा.

वस्त्यांची वाटणी 'यादृच्छिक पद्धतीनं' झाली. हा शब्द कोशातच बरा. 'सोडत काढून' म्हणता येईल. म्हाडाच्या घरांमुळे सोडत मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक गोची आहे. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं म्हणजे नशीब उघडलं. अभ्यासाच्या सोडतीत कुठला गट भाग्यवान, हे आधी कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर अभ्यास. तेव्हा सोडत म्हणावं आणि लगेच पुढे लिहावं: 'तपासणीचा फायदा होतो की नाही हे तेव्हा माहीत नव्हतं.' 'नियंत्रित गट'ही असाच. नियंत्रणात शुगर असते, बीपी असतं. 'ज्या वस्त्यांत तपासणी झाली नाही त्या' एवढं पुरे. आणि 'सकारात्मक अहवाल'! कोविडनं अख्ख्या महाराष्ट्राला 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट बातमी हे शिकवलं, तरी सरकारी मराठीत ती आजही 'सकारात्मक'च आहे.

हे झालं शब्दांचं. खरी परीक्षा आकड्यांची. आधी सगळ्यांच्या ओळखीचा आकडा घेऊ. कोव्हॅक्सिनची परिणामकारकता ७७.८ टक्के, हे २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलं. अनेकांनी त्याचा अर्थ लावला की शंभर जणांनी लस घेतली तर ७८ वाचतात आणि २२ जणांना कोविड होतो. मूळ हिशेब बघा. लस घेतलेले ८,४७१ जण. त्यातल्या २४ जणांना लक्षणांसह कोविड झाला. नुसतं पाण्यासारखं, लस नसलेलं इंजेक्शन घेतलेले ८,५०२ जण. त्यातल्या १०६ जणांना झाला. म्हणजे दर दहा हजारांत सुमारे १२५ विरुद्ध २८. टक्का आहे तो १२५ आणि २८ यांच्यातल्या फरकाचा. दोन ओळींत मावणारा हिशेब, पण लोकांसमोर आला फक्त टक्का. टक्का 'कशाचा टक्का' हे सांगत नसेल तर तो सोपाही नाही आणि खराही नाही.

मुंबईच्या अभ्यासात टक्के आहेत १५ आणि ३०. तपासणी झालेल्या वस्त्यांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते. पण ही घट 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' नव्हती. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये घट जवळपास ३० टक्के होती, आणि ती लक्षणीय होती. अशा निकालात मथळ्याला कुठला आकडा चिकटणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आधी 'लक्षणीय'. मराठीत 'लक्षणीय घट' म्हणजे मोठी घट, डोळ्यांत भरेल अशी. मग 'घट लक्षणीय नव्हती' म्हणजे घट किरकोळ होती, असंच कुणीही वाचणार. शास्त्रातला अर्थ वेगळाच: एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडला असण्याची शक्यता बाजूला सारता येत नाही. आकार नव्हे, भरवसा. 'लक्षणीय' हा शब्द सामान्य वाचकाच्या सारांशातून हद्दपार केला पाहिजे असं आम्ही म्हणतो तेव्हा संख्याशास्त्रवाले मित्र रागावतात. रागावू देत. 'हा फरक योगायोगाचाही असू शकतो' हे वाक्य पाचवी शिकलेल्या बाईला कळतं आणि शास्त्रालाही धक्का लावत नाही.

आता १५ टक्के माणसांत मोजू. तपासणी नसलेल्या वस्त्यांत दर लाख बायकांमागे वर्षाला २४.६२ मृत्यू, तपासणी झालेल्या वस्त्यांत २०.८२. हे असं लिहिलं तर कुणाला काही दिसत नाही. दशांश चिन्हाखाली बाई सापडत नाही. हाच दर वीस वर्षांवर पसरला तर ढोबळमानानं असं येतं: हजार बायका, वीस वर्षं; तपासणी नसताना पाच जणी या कॅन्सरनं गेल्या, तपासणी असताना चार. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हजारी सात आणि पाच. बघा, १५ टक्के आणि ३० टक्के म्हटल्यावर मनात जे चित्र येतं ते आणि हे चित्र किती वेगळं आहे. कुणी म्हणेल, हजारात एक-दोन, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? कुणी म्हणेल, त्या एकीचं घर बघा. दोन्ही म्हणणी वाचकाची आहेत, ती त्यानं करावीत. सारांशानं त्याच्या हातात आकडा ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. टक्का पुढे करून आपणच त्याच्या वतीनं निकाल देऊन टाकायचा नाही.

या अभ्यासात आणखी एक निकाल आहे, तो भक्कम आहे. ज्यांना कॅन्सर झाला त्यांच्यापैकी उशिराच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या बायका तपासणी नसलेल्या वस्त्यांत शंभरात ४७, आणि तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७. कॅन्सर लवकर सापडला हे नक्की. पण आपल्या घोषणा-भाषेत 'लवकर निदान' आणि 'जीवदान' हे जोडशब्द होऊन बसलेत. एक म्हटला की दुसरा आपोआप येतो. इथे पहिला खात्रीचा आहे, दुसरा सगळ्या वयांचा मिळून विचार केला तर अनिश्चित. सारांशानं या दोघांची ताटातूट करायलाच हवी. ऐकायला बरं वाटत नाही, तरी.

पन्नाशीच्या वरच्यांचा निकालही एका इशाऱ्यासकट द्यायला हवा. हा वयोगट वेगळा काढून बघणं आधी ठरलेलं नव्हतं, आकडे आल्यानंतर केलेली ती वाटणी आहे. संशोधकांनी निबंधात ते प्रामाणिकपणे लिहिलंय. बाण मारल्यावर त्याभोवती वर्तुळ काढलं तर नेम अचूकच दिसतो. हे इथे झालंच असं नाही. पन्नाशीनंतर तपासणीचा फायदा जास्त असणं इतर कारणांनीही पटण्यासारखं आहे. पण भरवसा एक पायरी खाली ठेवला पाहिजे.

आता यात पणाला काय लागलंय ते सांगतो, नाहीतर ही सगळी शब्दांची कसरत वाटेल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशीच हातानं स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. मुंबईचा अभ्यास दर दोन वर्षांनी होता, वय ३५ पासून होतं, आणि मृत्यूंमधली घट जरा भरवशानं दिसली ती पन्नाशीपुढे. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी कधीतरी स्तनतपासणी झालेल्या शंभरात एकही भरत नाही. म्हणजे या देशात बहुतेक बायकांनी हा निर्णय अजून घ्यायचाच आहे. दारात आलेल्या आशाताईंना एखादी बाई विचारू शकते: 'ताई, दोन वर्षांनी की पाच वर्षांनी? माझं वय बत्तीस, मला किती फायदा? आणि गाठ लागली तर पुढे कुठे, कोण नेणार?' हे प्रश्न विचारायला तिला हा निकाल आधी कळायला हवा. आशाताईंनाही कळायला हवा. त्यांच्या हातात सहसा पडते ती घोषणा.

आणि ज्या दीड लाख बायकांवर हा निकाल उभा आहे, त्यांचं काय? त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त, ७६,१७८ जणी, तपासणी न झालेल्या वस्त्यांतल्या. असा तपासणीविना गट ठेवणं योग्य होतं का, यावर भारतातल्या कॅन्सर तपासणीच्या अभ्यासांबद्दल कडक वाद झालेले आहेत. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की संशोधनात सहभागी झालेल्यांना निकाल जाणून घेण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. वस्तीतल्या बाईला जाणून घेता येईल असा निकाल म्हणजे तिच्या भाषेतला सारांश. लंडनच्या नियतकालिकातला इंग्रजी निबंध नव्हे. त्या सारांशात तपासणी न झालेल्या गटाला 'तुलनेसाठी गट' म्हणून उरकू नये. त्यांना काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे त्यांना ओळखू येईल अशा शब्दांत लिहावं.

मराठीत हे जमतच नाही अशातला भाग नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्यासोबतच्या संस्थांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढला, तो मराठीत, आणि नाव ठेवलं 'कोवळी पानगळ'. नोंदींपेक्षा कितीतरी जास्त मुलं दगावतायत हे त्यानं मोजून दाखवलं, आणि पुढे राज्य सरकारला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. नावाकडे बघा. 'बालमृत्यू दर' म्हटलं असतं तर फाईल झाली असती. पण कुरकुरायचंच तर, पानगळ हा ऋतूचा नियम आहे, त्यात कुणाचा दोष नसतो. 'कोवळी' या एका विशेषणावर ती सगळी जबाबदारी येऊन पडते, आणि आमच्या मते ते विशेषण ती पेलतं. त्या अहवालाचं बळ मोजणीत होतं, नावानं दार उघडलं. नाव घ्यायचं आणि मोजणी सोडायची, असे अनुकरण करणारे पुढे बरेच निघाले.

तर मुंबईच्या अभ्यासाचा आम्ही केलेला मसुदा वाचून दाखवतो.

'मुंबईतल्या वीस वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. प्रश्न असा होता: काहीही त्रास नसताना, आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले, तर छातीवरची गाठ लवकर सापडून कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी होतात का? सोडत काढून दहा वस्त्यांत अशी तपासणी चार वेळा केली. दहा वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली, तपासणी केली नाही. तपासणीचा फायदा होतो की नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. तपासणी झालेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकर सापडला, हे नक्की. मृत्यूंचं असं: हजार बायका वीस वर्षं पाहिल्या, तर तपासणी नसताना साधारण पाच जणी स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या, तपासणी असताना चार. हा फरक तपासणीमुळे पडला की योगायोगानं, हे ठरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत हा आकडा सात आणि पाच असा होता. तिथे तपासणीचा फायदा झाला असावा, पण ही वयाची वाटणी नंतर केलेली आहे. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाले की नाही, हे ठरलं नाही. गाठीचा संशय आला म्हणजे कॅन्सर असतोच असं नाही. बहुतेकींना तो नसतो. पण खात्री होईपर्यंत दवाखान्याच्या फेऱ्या आणि काळजी असते.'

दीडशेच्या आसपास शब्द. यावर आमच्यातच एकमत नाही. 'फायदा झाला असावा' या 'असावा'वर भांडण आहे. एक बाजू म्हणते, मराठीत 'असावा' हा अंदाजाचा शब्द आहे, पुराव्याला शोभत नाही. दुसरी म्हणते, इथे नेमका तेवढाच भरवसा आहे, आणि 'शक्यता आहे' म्हटलं तर हवामान खात्याची आठवण होते. शिवाय शेवटची तीन वाक्यं निबंधाच्या निकालातून आलेली नाहीत, तपासणीच्या सर्वसाधारण अनुभवातून आलेली आहेत. ती त्याच परिच्छेदात ठेवावीत की खाली वेगळी, हेही ठरायचं आहे. ज्या दोन-तीन बायकांना आम्ही हा मसुदा वाचून दाखवला, त्यांना यातलं काहीच अडलं नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता: तपासणी नसलेल्या वस्त्या कुठल्या, ते का लिहिलं नाही?

प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. घरून ऐकणाऱ्यांनी प्रश्न लिहून पाठवावेत, आम्ही ते इथे वाचून घेऊ.